सिस्टरच्या टेबलावर चहा नाही

कुसुम सिस्टरच्या टेबलाशी बसलेल्या माणसाला चहा मिळत नसे. उज्जैनमध्ये ही गोष्ट सांगितली तर लोकांचा विश्वास बसत नाही. इथे कापडाच्या दुकानात नुसता भाव विचारायला गेलात तरी आधी चहा येतो, आणि नको म्हटलं तर दुकानदाराचा चेहरा पडतो. सिस्टरचा नियम मात्र पक्का होता. परदेश प्रवासाचा आरोग्य विमा काढायला आलेला माणूस आधी आपली दुखणी सांगेल, औषधांचा डबा उघडून दाखवेल, अर्जावर सही करेल, मगच त्याच्यासाठी चहा सांगितला जाईल.

"चहा आला की माणूस पाहुणा होतो," सिस्टर म्हणायच्या, "आणि पाहुणा खरं सांगत नाही. कसे आहात विचारलं की मजेत म्हणतो."

नानाखेड्याला बस स्टँडच्या मागच्या कॉलनीत, वडिलांच्या घराच्या तळमजल्यावर माझं तिकिटांचं ऑफिस आहे. विमानाची तिकिटं, व्हिसाचे कागद, कुणाला तीर्थयात्रेची गाडी हवी असेल तर ती. एका सकाळी एक उंच बाई आत आल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याशी पिनेनं अडकवलेलं घड्याळ. सरकारी इस्पितळातून हेड नर्स म्हणून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या, पण घड्याळ तिथून काढलं नव्हतं. बसा म्हणायच्या आत बसल्या.

"तुझ्याकडे जागा आहे, माझ्याकडे विम्याची एजन्सी आहे. तुझ्या गिऱ्हाइकांना दोन्ही लागतं. एक टेबल दे, भाडं देईन. अट एकच. माझ्या गिऱ्हाइकाला तू चहा विचारायचा नाहीस."

मी विचारलं, "पेन्शन असताना हा उद्योग कशाला?"

"पेन्शन आहे, ऐकणारं कुणी नाही. वॉर्डात अख्खी रांग ऐकायची. घरी फक्त कुकर आहे."

मला उलटसुलट न बोलणारी माणसं आवडतात. मी टेबल दिलं. त्यांनी त्यावर भैरवगढच्या छापाची लाल चादर अंथरली, कारण पांढरी चादर बघून लोकांना इस्पितळ आठवतं आणि ते सावध होतात. हे त्यांचंच म्हणणं.

सिस्टर मूळच्या अकोल्याच्या. नवरा रेल्वेत होता, बदली होऊन उज्जैनला आले आणि इथलेच झाले. नवरा गेल्यावरही परत जायचा विचार त्यांनी केला नाही. मूलबाळ नव्हतं. आमचं घराणं इथं दरबारी चाकरीत आलेलं, म्हणून मला चिडवायच्या, "तुम्ही दरबारी लोक. तुमच्यात पोटसुद्धा अदबीनं दुखतं." मी म्हणायचे, "आणि तुमच्यात?" तर म्हणायच्या, "आमच्यात शिट्टी देऊन दुखतं. रेल्वेवाले ना."

माणसं दुखणं का लपवतात, यावर त्यांचा अभ्यास होता. तो पुस्तकातला नव्हता. वॉर्डात मोठे डॉक्टर राउंडला आले की प्रत्येक खाटेवरून एकच उत्तर यायचं, 'ठीक हूँ साहब.' डॉक्टर दाराबाहेर गेले की तीच माणसं सिस्टरचा पदर धरून विव्हळायची. सिंहस्थात रामघाटावरच्या कॅम्पात त्यांनी ड्यूटी केली होती. तिथे तर चक्कर येऊन पडलेली बाईसुद्धा शुद्धीवर येताच म्हणायची, 'कुछ नहीं, बस ऐसे ही.' सिस्टर म्हणायच्या, "आपल्याकडे आजार म्हणजे यजमानाला दिलेला त्रास. म्हणून कुणी तो सांगत नाही. पण परदेशातला दवाखाना काही आपला यजमान नाही."

भैरवगढचे एक छापकाम करणारे गृहस्थ जर्मनीला प्रदर्शनासाठी निघाले होते. त्यांना विमा फक्त व्हिसासाठी हवा होता, सगळ्यात स्वस्त, आज, लगेच. बोलता बोलता खोकत होते.

"खाँसी कब से है?" सिस्टरनी विचारलं.

"खाँसी कहाँ, बहनजी. ये तो रंग की है. हमारे यहाँ सबको है."

"सबको है तो बीमारी नहीं हुई क्या?"

गृहस्थ हसले. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांना आधी छातीच्या डॉक्टरकडे पाठवलं, श्वासाचा पंप सुरू झाला, आणि मग खोकल्याचा स्पष्ट उल्लेख करून विमा काढला. गृहस्थ रागावले होते, कारण त्यात दोन दिवस गेले. प्रदर्शनाहून परत आले तेव्हा मात्र सिस्टरना एक दुपट्टा देऊन गेले. सिस्टरनी तो मला दिला. "मला लाल शोभत नाही," म्हणाल्या. तोवर त्या लाल चादरीसमोर वर्षभर बसल्या होत्या.

विम्याची भाषा त्या स्वयंपाकघरात नेऊन सोडायच्या. डिडक्टिबल म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर, "पहिला घास तुमचा, पुढचा कंपनीचा." स्वस्त पॉलिसीवर पहिल्याच पानावर मोठा आकडा असतो आणि आत खोलीला इतके, डॉक्टरला इतके, ऑपरेशनला इतके अशा मर्यादा असतात. त्या पॉलिसीवर बोट ठेवून सांगायच्या, "वर थाळी छापली आहे. वाढणार आहेत वाटीनं. वाट्या मोजा." कंपनीचा मदतीचा नंबर त्या चिठ्ठीवर लिहून म्हाताऱ्या माणसांच्या चष्म्याच्या घरात चिकटवायच्या. पाकीट घरी राहतं, मोबाइलची बॅटरी संपते, चष्मा कुणी विसरत नाही, हा त्यामागचा हिशेब. आणि प्रत्येकाला निक्षून सांगायच्या, "आधी या नंबरला फोन, मग दवाखाना. जीव जायची वेळ असेल तर उलटं."

त्या नेहमी बरोबर असायच्या असं नाही. अनोळखी माणसाच्या डब्यातली गोळी ओळखून त्याच्या बायकोसमोर मोठ्यानं तिचा उपयोग सांगण्याची त्यांना खोड होती. त्यापायी माझी दोन चांगली गिऱ्हाइकं कायमची गेली. मी बोलले तर म्हणाल्या, "बायकोला माहीत नव्हतं, हा माझा दोष आहे का?" मी म्हटलं, "आवाज तुमचा होता." पुढं आवाज उतरला, खोड राहिली.

त्यांची खरी कसोटी माझ्या वडिलांनी घेतली.

नाना पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. आई गेल्यावर माझा धाकटा भाऊ मिलिंद त्यांना सहा महिन्यांसाठी अमेरिकेला बोलावत होता. नाना वरच्या मजल्यावरून खाली आले, सिस्टरसमोर बसले आणि म्हणाले, "मला काही नाही. लवकर उरका."

"डबा आणलात?"

"कसला डबा?"

"औषधांचा."

"ते बीपीचं आहे. बीपी ताब्यात आहे."

"ताब्यात आहे हे तुमचं मत झालं, नाना. कंपनी विचारते, आहे की नाही."

नाना वर गेले, डबा घेऊन आले, टेबलावर ठेवताना जरा आपटला. सिस्टरनी बीपी लिहिलं, थोडी साखर होती ती लिहिली. गॅससाठी जेवणानंतर घेतात ते चूर्णही लिहायला लागल्या तेव्हा नाना म्हणाले, "गॅस तर उज्जैनमध्ये जन्मला त्याला असतोच. सेव खाऊन कुणाला होत नाही?" सिस्टरनी तरी लिहिलं. सही झाली, चहा आला. नाना निघाले.

तोपर्यंत सिस्टरचा सगळा भर लपवणाऱ्यांवर होता. दुखणं वाढवून सांगणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता, आणि माझे वडील असं काही करतील हे मलाही सुचलं नसतं.

तिकडे एका दुपारी नानांच्या पोटात उजव्या बाजूला भयंकर कळ आली. सून त्यांना इस्पितळात घेऊन गेली. पित्ताशयात संसर्ग झाला होता, त्याच दिवशी ऑपरेशन झालं आणि ते व्यवस्थित पार पडलं. पण दाखल करताना तिथल्या नर्सनं विचारलं होतं की हे दुखणं कधीपासून आहे. सून शेजारी उभी राहून रडत होती. तिला धीर द्यावा म्हणून नानांनी आपल्या स्वच्छ इंग्रजीत उत्तर दिलं, की काळजीचं कारण नाही, हे जुनंच आहे, बरीच वर्षं होतं असं.

नर्सनं ते जसंच्या तसं नोंदवलं. विमा कंपनीनं ते वाचलं आणि कळवलं की दुखणं आधीपासूनचं असल्यामुळे खर्च मिळणार नाही.

मिलिंदनं बिल पाठवलं. ते बघून मी खुर्चीत नीट बसले, एवढंच सांगते. त्याच संध्याकाळी नानांचा फोन आला. आवाज शांत होता. "सुषमा, घराचे कागद बँकेच्या लॉकरमधून काढून ठेव. मिलिंदनं नुकतंच तिकडे घर घेतलंय, त्याच्यावर हा बोजा नको. आपलं विकू. तू ऑफिससाठी जागा बघायला लाग."

मी दुसऱ्या दिवशी सिस्टरना सगळं सांगितलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, अमेरिकेत आत्ता किती वाजले असतील याचा अंदाज घेतला आणि म्हणाल्या, "घराला कुणी हात लावायचा नाही. फोन लाव. चेहरा दिसेल असा."

इकडे पोह्यांची वेळ होती, तिकडे जेवणं नुकतीच उरकली होती. नाना सोफ्यावर उशीला टेकून बसले होते, शेजारी मिलिंद.

"कसे आहात?" सिस्टरनी विचारलं.

"मजेत."

"सिद्ध झालं," सिस्टर मला म्हणाल्या. मग त्यांच्याकडे वळून, "नाना, कळ आली तेव्हा कुठं दुखत होतं? बोट ठेवून दाखवा."

नानांनी उजव्या बरगडीखाली बोट ठेवलं.

"पाठीत जात होती?"

"उजव्या खांद्यापर्यंत."

"अशी कळ याआधी कधी?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही म्हटलं ना. कधीच नाही."

"मग जुनं काय होतं?"

"गॅस."

"गॅस कुठं दुखायचा?"

नानांनी विचार करून पोटावर मोठं वर्तुळ काढलं. मिलिंद हसला. सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे दोन वेगळी दुखणी. एक वर्तुळ, एक बिंदू. तुम्ही इंजिनिअर आहात, मी काय सांगू. आता हे लिहून द्या, की नर्सला जे सांगितलं ते बरोबर नव्हतं."

इथे नाना अडले. "मी खोटं बोललो असं लिहून देऊ? सून रडत होती, तिला धीर दिला. त्यात खोटं काय आहे?"

"नाना, कंपनीला कळलं पाहिजे ना," मिलिंद म्हणाला.

"नोकरीत एवढी वर्षं काढली, एका खोट्या कागदावर सही केली नाही. आता खोटारडा म्हणून करू? त्यापेक्षा घर गेलेलं बरं."

माझा पारा चढायला लागला होता. सिस्टरनी टेबलाखालून माझा हात दाबला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "नाना, बंधाऱ्याच्या कामावर मापाच्या वहीत तुमच्या हाताखालच्या माणसानं भेग नसताना भेग लिहिली असती, ठेकेदाराला धाक बसावा म्हणून, किंवा कुणाचं मन राखावं म्हणून, कशासाठीही, तर तुम्ही काय केलं असतं?"

"खोडायला लावलं असतं."

"आणि खाली?"

"खाली दुरुस्तीची सही." नाना हे चटकन बोलून गेले आणि मग थांबले.

सिस्टर पुढं काही बोलल्या नाहीत. हे मला विशेष वाटतं. ऐकवायची संधी त्यांनी सोडली, असा हा मला आठवणारा एकमेव प्रसंग.

शेवटी नाना म्हणाले, "मिलिंद, कागद दे. आणि रेघा असलेला दे."

त्यांनी इंग्रजीत लिहिलं, की दाखल होताना मी जे विधान केलं ते माझ्या सुनेला धीर देण्यासाठी होतं, त्यात वैद्यकीय वस्तुस्थिती नव्हती. अशी वेदना मला पूर्वी कधी झाली नव्हती. माझ्या विधानाची मी दुरुस्ती करतो. खाली सही, हुद्दा, आणि हुद्द्यापुढं 'निवृत्त'. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरनं संसर्ग ताजा असल्याचं लिहून दिलं. आमच्या इथल्या डॉक्टरांनी लिहिलं की पित्ताशयाची तक्रार घेऊन हे गृहस्थ कधी आले नव्हते, गॅसची घेऊन मात्र दर महिन्याला येत. कंपनीकडे फेरविचाराचा अर्ज गेला.

वाट बघण्याच्या त्या आठवड्यांत मी सिस्टरना एकदा विचारलं, "नाही झालं तर?"

"होईल."

"कशावरून?"

"बीपी लपवलं असतं तर आज आपल्याला भांडायला तोंड नसतं. त्या अर्जात सगळं खरं आहे. चूर्णसुद्धा आहे. गॅस गॅसच्या जागी आधीपासून लिहिलेला आहे, मग हे दुसरं दुखणं वेगळं ठरायला अडचण काय?" मग माझ्या टेबलावरचं काम बघून म्हणाल्या, "आणि तू ते जागा भाड्यानं देणाऱ्यांच्या जाहिराती बघणं बंद कर. माझं लक्ष विचलित होतं."

कंपनीनं मान्य केलं. पहिला घास आमचा, बाकी त्यांचा. मिलिंदनं कळवलं तेव्हा सिस्टर एका बाईंच्या डब्यातल्या गोळ्या बघत होत्या. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, त्या बाईंना म्हणाल्या, "ही पांढरी कशाची?" आणि काम पुढं सुरू ठेवलं. मात्र त्या दिवशी दुपारी ऑफिसात सगळ्यांसाठी पोहे आले, वर भरपूर सेव आणि जीरावन मसाला. कुणी मागवले ते कुणी विचारलं नाही.

त्यानंतर सिस्टरच्या टेबलावर एक नवा प्रकार सुरू झाला. सही झाली तरी चहा लगेच यायचा नाही. आधी तालीम. सिस्टर परदेशी नर्स व्हायच्या, खुर्ची मागे सरकवून उभ्या राहायच्या आणि गोड आवाजात विचारायच्या, "हाउ आर यू टुडे?"

समोरचे काका शाळेत शिकल्याप्रमाणे म्हणायचे, "फाइन, थँक यू."

"फाइन? मग घरी जा. नेक्स्ट."

काका गोंधळायचे. सिस्टर पुन्हा सुरू. कुठं दुखतंय, कधीपासून, आधी असं झालं होतं का. झालं असेल तर हो, नसेल तर नाही, माहीत नसेल तर माहीत नाही. सून रडत असेल तर तिला बाहेर बसवा. बाहेर बसवता येत नसेल तर रडू द्या. "रडून कुणी मरत नाही," सिस्टर म्हणायच्या, "पण 'जुनंच आहे' हे बिनकामाचं वाक्य तोंडातून काढायचं नाही." काही लोक या तालमीला हसायचे, काहींना अपमान वाटायचा. एक निवृत्त प्राचार्य उठून गेले आणि दोन दिवसांनी परत आले. बायकोनं पाठवलं होतं.

नाना परत आले ते अंगानं बारीक पण चालण्यात ताठ. सामान वर ठेवून थेट सिस्टरसमोर येऊन बसले.

"कसे आहात?"

"मज..." नाना थांबले. "डावा गुडघा जिना उतरताना दुखतो. चढताना नाही. गेल्या महिन्यापासून. याआधी कधी दुखला नव्हता."

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. "सुषमा, नानांना चहा."

पुढं बरीच वर्षं त्या टेबलावर होत्या. मागच्या हिवाळ्यात येणं कमी झालं, मग थांबलं. फोन केला की म्हणायच्या, "तपासण्या चालू आहेत, निकाल आला की सांगते. अर्धवट माहिती देणार नाही." एक दिवस स्वतःच फोन केला, ये म्हणाल्या.

गेले. खाटेवर बसल्या होत्या, घड्याळ नाइटगाउनला अडकवलेलं. मी आत येताच काहीतरी बोलावं म्हणून म्हटलं, "चेहरा छान दिसतोय. थोडी विश्रांती घेतली की बऱ्या व्हाल."

"पाहुणीसारखं बोलू नकोस. बस."

मी बसले. त्यांनी सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. यकृतापर्यंत गेला आहे. इंदूरच्या डॉक्टरांनी औषधं सुचवली होती, त्यांनी नको म्हटलं, कारण त्यातून मिळणारे दिवस उलट्या करण्यात जातील हे त्यांनी वॉर्डात पुष्कळदा पाहिलं होतं. दुखणं पाठीत जास्त आहे, पहाटे वाढतं. वेदनेचं औषध चालू आहे आणि ते पुरतं. पुतण्याला कळवलं आहे, तो येईल. ज्यांचे विमे अजून चालू आहेत त्यांची नावं मला दिली, कुणाला काय समजावून सांगायचं राहिलं आहे तेही सांगितलं. भीती वाटते का, हे मी विचारलं नाही. त्यांनी आपणहून सांगितलं, "रात्रीची वाटते. दिवसा नाही. आधी कधी वाटली नव्हती."

बोलण्यासारखं जे सुचत होतं ते सगळं पाहुण्याचं होतं.

त्यांनी उशी सारखी केली, मागे टेकल्या.

"झालं सांगून. आता चहा टाक. आलं जास्त घाल, आणि तुझ्यासाठीही टाक."

मी स्वयंपाकघरात गेले. आलं कुठं ठेवलंय ते त्यांनी आतून ओरडून सांगितलं. आवाज अजून वॉर्डभर जाईल एवढा होता. आम्ही दोघींनी चहा घेतला. त्यांचा अर्धा राहिला, पण कप शेवटपर्यंत हातात होता.

त्या गेल्यावर टेबल मी हलवलेलं नाही. विमा मीच बघते. परवा एक जोडपं आलं, मुलीकडे ऑस्ट्रेलियाला निघालेलं. काका बसता बसता म्हणाले, "मॅडम, जरा चाय-वाय हो जाए."

"हो जाएगी," मी म्हटलं. "पहले डिब्बा दिखाइए."